जोडगोळीचं डावं पोट

जोडगोळी कधीच देखणी नव्हती. धक्क्याला लागलेल्या पांढऱ्याशुभ्र बोटींच्या रांगेत ती उभी राहिली की समारंभाला कामाच्या कपड्यांतच येऊन बसलेल्या लोहारासारखी दिसायची. जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याला ना रंग ना रंगोटी, आणि नाकाडावर खडकांनी काढलेले ओरखडे. पण ज्या बेटांना धक्का नाही, बंदर नाही, जिथून दुसऱ्या बोटी लांबूनच नमस्कार करून परत फिरतात, तिथे जोडगोळी सरळ किनाऱ्यावर चढायची. कॅटमरान होती ती. एका रुंद तळाऐवजी दोन लांब, अरुंद पोटं आणि त्यांना जोडणारा वरचा सपाट मजला. मजल्यावर सुकाणू, स्वयंपाकाचा ओटा आणि जेवायचं टेबल. दोन्ही पोटांत उतरायला चार पायऱ्यांचे जिने आणि खाली झोपायच्या खोल्या. कमरेइतकं पाणी असलं तरी तिचं भागायचं.

कप्तानबाई आणि तिचा दादा, दोघांनी मिळून ती बांधली होती. वडिलांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये, डोळ्यांवर काळ्या काचा चढवून, एकमेकांवर खेकसत. डावं पोट दादाने जोडलं, उजवं हिने. आधी कोण संपवतं याची पैज लागली होती. त्या घाईत दादाचं पोट बोटभर लांब झालं आणि बोट जन्मभर किंचित एका बाजूला ओढत राहिली. कोणी त्यावरून बोललं की दादा हात झटकायचा. "माझं पोट सुटलंय, तिचं नाही. वयाचा फरक आहे, दुसरं काय."

मग एका खेपेला ती उलटली.

कॅटमरान सहसा उलटत नाही, पण उलटली तर सुलटत नाही. बुडतही नाही. पोटांत हवा कोंडलेली राहते आणि पालथ्या पातेल्यासारखी ती तरंगत बसते. आतली माणसं जगू शकतात. त्या खेपेला बोटीवर तिघे होते: दादा, इंजिन सांभाळणारे काका आणि एक छायाचित्रकार. आईचं ऑपरेशन होतं म्हणून कप्तानबाई घरी राहिली होती. एका मालवाहू जहाजाने उजव्या पोटातून काकांना आणि छायाचित्रकाराला बाहेर काढलं. दादा सापडला नाही. काकांनी घरी येऊन सांगितलं, उलटली त्याच क्षणी लाटेने त्याला बाहेर ओढलं. झटक्यात गेला. त्याला कळलंही नसेल.

त्या दोन शब्दांवर घर उभं राहिलं. झटक्यात गेला. आई तेच म्हणायची, वहिनी तेच म्हणायची, भेटायला येणारे तेच म्हणत चहा प्यायचे. बोट मागाहून भरकटलेली सापडली, ओढून आणली, क्रेनने सुलटी केली. काकांना धक्क्यावरच्या लोकांनी घोरपड हे नाव दिलं, कारण हा माणूस पालथ्या बोटीला आतून चिकटून राहिला होता. ते नाव त्यांनी हसून घेतलं, पण त्यानंतर ते पूर्वीसारखे हसले नाहीत.

बोट भंगारात काढा, असं सगळ्यांचं मत पडलं. अपशकुनी म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. कप्तानबाईने कोणाचं ऐकलं नाही. वर्षभर ती आणि घोरपड मिळून जोडगोळीच्या मागे लागले. सुकाणू, इंजिनं, वायरिंग, खिडक्या, सगळं नव्याने झालं. उजवं पोट तिने केलं. डाव्या पोटात तिचा पायच उतरेना, म्हणून ते घोरपडीने केलं. तिने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिलं काम घेऊन आले ते पक्षीवाले सर. दूरच्या एका बेटावर त्यांचे दोन सहकारी झोपडी करून राहिले होते. समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात, ती बिळं मोजायची होती. सरांना आणि त्यांच्या सामानाला तिथे पोहोचवायचं आणि परत यायचं, एवढंच काम.

"दुसरी बोट मिळाली नाही?" कप्तानबाईने विचारलं.

"मिळाल्या. त्या म्हणाल्या, बेट दाखवू, उतरवणार नाही," सर म्हणाले. "दुरून डोंगर साजरे, हे मला कळतं. पण मला बिळात हात घालायचाय."

त्या संध्याकाळी कप्तानबाईने घरी बातमी सांगितली. वहिनी इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला होती. दिवसभर शेकडो माणसांचं रांधून आली तरी घरी तिचा हात रिकामा नसायचा. ती कांदा चिरत होती.

"स्वयंपाकाला कोण आहे तुमच्याकडे?"

"कोणी नाही. डबे उघडून खाऊ."

"म्हणजे मी आहे," वहिनी म्हणाली आणि चिरत राहिली.

"वहिनी, तुला तर पाणी बघवत नाही आता. बसने जाताना खाडीचा पूल आला की मान फिरवतेस."

"पाणी कुठे बघायचंय मला? ओटा बघायचाय." मग सुरी ठेवून ती म्हणाली, "वन्सं, त्याच्या बोटीवर मी कधी चढले नाही. तो म्हणायचा, पुढच्या खेपेला चल. मी म्हणायचे, रजा नाही. आता काढलीय रजा."

वहिनी आली. आणि आल्या आल्या आपली पिशवी घेऊन सरळ डाव्या जिन्याने खाली उतरली. दादाची खोली तिकडेच होती.

पहिला दिवस सुखाचा गेला. समुद्र मऊ होता. जोडगोळी नेहमीसारखी बोटभर एका बाजूला ओढत चालली होती. लाट दोन्ही पोटांच्या मधून आत शिरली की मजल्याला खालून धप्प करून आपटायची आणि टेबलावरचे पेले उडायचे. सर पहिल्यांदा दचकून उभेच राहिले.

"लाट आहे, सर," घोरपड म्हणाले. "खालून दार वाजवते. आपण उघडायचं नाही."

वहिनी खळखळून हसली. कप्तानबाईला बरं वाटलं. तिला वाटलं, येऊ दिलं ते चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं जेवत असताना तो आवाज आला.

धप्प नव्हे. ठक ठक. मग थोडं थांबून, ठक.

कोणीतरी पत्र्यावर लोखंड मारावं तसा, कोरडा आणि सावकाश. डाव्या पोटातून. घोरपडीचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा कप्तानबाईने पाहिला. त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ओळख होती.

"काहीतरी सुटलंय खाली," ती म्हणाली आणि उठली.

अपघातानंतर डाव्या पोटात ती त्या दुपारी पहिल्यांदा उतरली. खोली नीटनेटकी होती, वहिनीची चादर घडी घालून ठेवलेली. तिने आग विझवायची नळकांडी घट्ट केली, पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळल्या, फळ्या दाबून पाहिल्या. खोलीच्या पुढच्या टोकाला भिंतीत एक लहान लोखंडी दार होतं, गुडघे टेकून आत शिरण्याजोगं. त्यापलीकडे नाकाडातला बंद कप्पा. बोट कशाला धडकली तर पाणी त्या कप्प्यातच अडावं, यासाठी तो असतो. दाराच्या दोन्ही बाजूंनी फिरणाऱ्या कड्या घट्ट होत्या. ते उघडावं असं तिला वाटलं नाही. वर येऊन ती म्हणाली, "बाटली होती."

संध्याकाळी बाटलीशिवाय तोच आवाज आला.

त्यानंतर तो येतच राहिला. तासातासाने नाही, ठरलेल्या वेळीही नाही. आपण विसरलो म्हणेपर्यंत थांबायचा आणि मग यायचा. सरांनी लाटांची लांबी, पत्र्याची जाडी, असं बरंच काही समजावून सांगितलं. बोलता बोलता मध्येच गप्प होऊन ते कान द्यायचे, आणि चष्मा पुसत पुढे बोलायचे. घोरपड खाली झोपेनासे झाले. सुकाणूशेजारच्या बाकावर, गळ्यापर्यंत जाकीट ओढून ते दिवसाही पडून राहायचे. कप्तानबाई कामाला जुंपून घ्यायची. हात चालत असले की कान बंद राहतात, असा तिचा समज होता.

एकटी वहिनी खुशीत होती. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं रक्त आलं. स्वयंपाक उरकला की ती डाव्या जिन्याने खाली जायची आणि बराच वेळ यायची नाही. एकदा कप्तानबाई तिला हाक मारायला म्हणून जिन्याच्या तोंडाशी गेली. वहिनी खाली बिछान्यावर मांडी घालून बसली होती. हातात वरणाचा डाव होता. पत्र्यातून ठक ठक, ठक आलं, आणि वहिनीने डावाच्या दांड्याने पत्र्यावर तसंच वाजवलं. जसं मूल खोकलं की आई झोपेतच त्याच्या पाठीवर थोपटते, तितक्या सहज.

कप्तानबाई मागे सरकली. तिच्या मनात आलं ते तिचं तिलाच आवडलं नाही. हिचंच तर नाही हे सगळं? दोन्ही आवाज हीच काढत नाही ना?

ती तडक घोरपडीकडे गेली.

"काका, हा आवाज तुम्ही आधी ऐकलाय."

घोरपडीने समोरच्या पाण्यावरून नजर काढली नाही.

"काका."

"ऐकलाय," ते म्हणाले. "तेव्हा ऐकला होता. आम्ही दोघं उजव्या पोटात होतो, छातीभर पाण्यात. आणि डाव्यातून हे यायचं. मी पाना मारून उत्तर द्यायचो. तो परत द्यायचा. दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या दिवशीही. त्या फोटोवाल्याला विचारा, त्यानेही ऐकलंय."

कप्तानबाई बाकावर बसली. "तुम्ही म्हणालात झटक्यात गेला."

"जहाज आलं तेव्हा मी ओरडून सांगितलं, तिकडे माणूस आहे. त्यांचा पाणबुड्या गेला. खिडकी फुटलेली, खोली गच्च पाण्याने भरलेली. सगळं चाचपून आला. म्हणाला, रिकामी आहे. वारा चढत होता. त्यांनी कान लावला, पण त्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार? मला म्हणाले, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, दोन दिवस पाण्यात होतात. मलाही ते पटलं, बाई. न पटून काय करणार होतो? रिकाम्या खोलीतून वाजतंय, असं मी तुमच्या आईला जाऊन सांगू?"

"वहिनीला हे माहीत आहे?"

"माझ्याकडून नाही."

खाली डाव्या पोटात वहिनी हलकेच काहीतरी गुणगुणत होती.

बेट आलं ते सकाळी. करडे कडे, त्यावर पक्ष्यांचा कलकलाट, आणि कड्यांच्या कुशीत गोट्यांचा एक अरुंद किनारा. भरतीच्या पाण्यावर कप्तानबाईने जोडगोळी हळूच वर चढवली. दोन्ही पोटं गोट्यांवर कुरकुरत टेकली. सरांचे सहकारी झोपडीतून धावत आले. वाढलेल्या दाढ्या, उन्हाने सोललेली नाकं. सामान उतरलं. वहिनी झोपडीत गेली आणि तिथली चूल पाहून त्या दोघांना तिने जे सुनावलं, ते किनाऱ्यापर्यंत ऐकू आलं.

ओहोटी लागली. पाणी मागे हटत गेलं आणि जोडगोळी कोरड्यावर उभी राहिली. तिच्या खालून माणूस वाकून इकडून तिकडे जाऊ शकत होता. स्वच्छ ऊन होतं. वारा नव्हता. कप्तानबाई, घोरपड आणि सर दोन पोटांच्या मधल्या सावलीत वाकून तळ तपासत होते, आणि तेव्हा डाव्या पोटाच्या नाकाडातून आवाज आला.

ठक ठक. ठक.

लाट नव्हती, पाणी नव्हतं, बोटीवर कोणी नव्हतं.

"ऊन आहे," सर म्हणाले. "पत्रा तापला की तडकतो." पण ते अगदी हळू बोलले.

"वहिनी कुठे आहे?" कप्तानबाईने विचारलं, आणि उत्तराची गरज पडली नाही. वहिनी झोपडीच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले. तिनेही ऐकलं होतं. ती चालत आली, घाई न करता. वाकून तिने एक गोटा उचलला आणि पत्र्यावर दोनदा, मग एकदा वाजवला.

आतून उत्तर आलं.

सरांनी टोपी काढून हातात धरली. वहिनीने पत्र्याला पिठाचा तळवा लावला होता.

"काय विचारतोय तो, वहिनी?" कप्तानबाईने विचारलं.

"काही नाही गं. कोणी आहे का, एवढंच. मी सांगते, आहे. तेवढ्यावर त्याचं भागतं."

वन्संची 'गं' झाली, हे दोघींपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

कप्तानबाईला त्या क्षणी भीती नाही, राग आला. कोणावर, ते तिला सांगता आलं नसतं. ती शिडीने वर चढली, पाना आणि बॅटरी घेतली, डाव्या जिन्याने खाली उतरली. मागून घोरपड धापा टाकत आले.

"बाई, त्या कप्प्यात काही नाही. मी स्वतः साफ केलाय तो. रंग मारलाय."

ती थांबली. "रंग? आपण कधी आतून रंग मारलाय का बोटीला?"

घोरपडीने मान खाली घातली. तिने कड्या सोडल्या, दार ओढलं आणि गुडघ्यांवर आत शिरली.

कप्पा कोरडा होता. रिकामा. पांढरा रंग असा जाड थापलेला की ओघळ गोठून राहिले होते. दादाने केलेले वेल्डिंगचे सांधे मात्र रंगाखालूनही ओळखू येत होते. त्याचा सांधा असाच, भरभरून, घाईने घातलेला. ती आणखी पुढे सरकली, आणि तळावर टेकलेल्या तिच्या तळव्याला खळगे लागले. लहान, खोल, एकमेकांना चिकटून. तिने बॅटरी आडवी धरली. नाकाडाजवळचा हातभर तळ देवीच्या व्रणांसारखा खळग्यांनी भरला होता. तळाला कोण मारेल? मग तिला कळलं. बोट पालथी होती. तेव्हा हा तळ नव्हता, छत होतं. खोली पाण्याने भरायला लागल्यावर तो या दारातून आत आला होता आणि पाणी मागे येऊ नये म्हणून त्याने दार घट्ट लावून घेतलं होतं. पाणबुड्याला रिकामी खोली दिसली आणि बंद दार दिसलं. त्याच्यामागे, छताजवळच्या ओंजळभर हवेत मान वर करून, तिचा दादा हाती लागलेलं लोखंड डोक्यावरच्या पत्र्यावर मारत होता.

ती किती वेळ तशी पडून राहिली, तिला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा घोरपड पायरीवर बसून रडत होते.

"दोन हात मारले रंगाचे," ते म्हणाले. "तिसराही मारला. खळगे भरेनात. आणि त्या कप्प्याचं वरचं झाकण, बाई. डेकवर उघडतं ते. लोक म्हणाले समुद्राने तोडलं. तोडलं नव्हतं. कडी आतून फिरवलेली होती. समुद्राला कडी फिरवता येत नाही. जहाज गेल्यावर, वाट बघून बघून, त्याने खाली पाण्यात बुडी मारली असेल आणि झाकणातून बाहेर पडला असेल. मी तुम्हाला काय सांगणार होतो? पोटात ठेवलं. ते पोटात राहत नाही हो."

जिन्याच्या तोंडाशी सावली पडली. वहिनी उभी होती.

कप्तानबाई उठली. 'काही नाही, रिकामा आहे,' असं सांगायचं तिने ठरवलं होतं. शब्द जिभेवर होते.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं. झटक्यात गेलेला माणूस असा वाजवत बसत नाही."

ती खाली आली, दोघांच्या मधून वाट काढून त्या लहान दारातून आत गेली. कप्तानबाईला वाटलं आता ही हंबरडा फोडेल. आतून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "निघाला म्हणजे. आत कोंडून नाही गेला. स्वतःच्या हाताने कडी काढून निघाला."

"मग हे कोण वाजवतंय, वहिनी?"

"तो गेला. त्याचं वाट बघणं राहिलंय," ती म्हणाली. "ते कुठे जाणार?"

सरांनी निरोप देताना कप्तानबाईचा हात दोन्ही हातांत धरला. ते एरवी बोलके, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "सावकाश जा." भरतीवर जोडगोळी सुटली आणि तिघं परत निघाले.

परतीच्या वाटेवर वहिनीने डावं पोट सोडलं नाही. जेवण दोघांना वर पाठवायची, स्वतः खालीच बसायची. वाजलं की उत्तर द्यायची. तिचे डोळे खोल गेले. झोप घे म्हटलं की म्हणायची, घेईन ना. कप्तानबाई सुकाणूवर उभी राहून ते दोन आवाज ऐकायची, आतला आणि उत्तराचा. स्वतः मात्र तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. एकदा वाजवलं की तो तेव्हा जिवंत होता, उत्तराची वाट बघत होता, आणि आपण घरी चहा पीत होतो, हे सगळं मान्य करावं लागणार होतं. तिला ते झेपत नव्हतं.

जिथे बोट उलटली होती ती जागा भर दुपारी आली. नकाशावर आकडे होते, पाण्यावर काहीच नव्हतं. समुद्र खुणा ठेवत नाही. घोरपडीने न विचारता इंजिनं बंद केली. जोडगोळी नुसती डुलत राहिली.

खालून आलं. ठक ठक. ठक.

उत्तर गेलं नाही.

पुन्हा आलं. पुन्हा उत्तर नाही. कप्तानबाई धावत जिन्याशी गेली. वहिनी बिछान्यावर कलंडली होती, डाव हातातून गळून पडलेला. तिला गाढ झोप लागली होती, रात्र-रात्र जागलेल्या माणसाला लागते तशी. आवाज परत आला. या खेपेला जरा घाईने. मग पुन्हा, अजून घाईने. मधली उसंत गेली. ठकठकठक ठकठक, कोणीतरी घाबरून दार बडवावं तसं. वर घोरपडीने कानांवर हात दाबले.

"बाई, द्या हो कोणीतरी," ते ओरडले. "उत्तर द्या त्याला!"

कप्तानबाईने डाव उचलला नाही. ती लहान दार उघडून आत शिरली, खळग्यांवर गुडघे टेकले आणि बंद मुठीने पत्र्यावर मारलं. दोनदा. मग एकदा.

बडवणं थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "मी आहे. उशीर झाला रे. पण आहे."

काही क्षण फक्त पाण्याची चुळचुळ ऐकू आली. मग तिचा तळवा जिथे पत्र्याला टेकला होता, बरोबर त्याच्या खाली, पलीकडच्या बाजूने, हलकेच आलं. तिला ते ऐकू येण्याआधी हाताला जाणवलं. पलीकडे फक्त समुद्र होता. तिने हात काढला नाही. तिने परत वाजवलं. परत आलं. ती तिथेच बसून राहिली, आणि लहानपणी तापात पडल्यावर दादा शेजारी बसून पत्ते पिसायचा तेव्हा वाटायचं तसं काहीतरी तिला वाटत होतं. भीती गेली नव्हती, पण तिच्याजवळ बसता येत होतं.

ऊन कललं तेव्हा वहिनी जागी झाली आणि दाराशी आली.

"सरक. आता मी. तू वर जा, बोट कोण नेणार?"

मग दोघींनी पाळ्या लावल्या. धक्का दिसेपर्यंत डावं पोट एकदाही गप्प राहिलं नाही.

पुढे जोडगोळी चालत राहिली. सरांना आणायला गेली, मग इतरांना न्यायला. अशी बोट त्या बाजूला दुसरी नव्हती, आणि लोकांचं भय कामापुढे फार टिकत नाही. कप्तानबाईचा एकच नियम झाला: डावं पोट रिकामं ठेवायचं नाही आणि वाजलं तर उत्तर द्यायचं. नवे प्रवासी हे ऐकून आधी हसायचे. दोन दिवसांनी न्याहारीला येताना हसायचे नाहीत. कोणीतरी भूगर्भशास्त्रज्ञ, कोणी दाढीवाला डॉक्टर, हळूच विचारायचा, "रात्री मी दिलं उत्तर. बरोबर वाजवलं ना?" घोरपड म्हणायचे, "बरोबर असतंच. फक्त द्यायचं."

कप्पा तिने पुन्हा कधी रंगवला नाही. होता तो रंगही खरवडून काढला.

बोट धक्क्याला असते तेव्हा वहिनी कॅन्टीनमधून सुटून दुपारी तिकडे जाते. दुसऱ्या दिवशीची भाजी सोबत नेते, डाव्या जिन्याने खाली उतरते आणि चिरत बसते. कप्तानबाई वर दोरखंडांची कामं करते. खालून सुरीचा आवाज येत असतो, एकसारखा. मधूनच तो थांबतो. कप्तानबाईचाही हात थांबतो. ती मान वर करत नाही, नुसती थांबते. मग खाली सुरी पुन्हा चालू होते.